सुपरहिरो कॉमिक्समधले बाप-लेक : नव्या वाचकानं सुरुवात कुठून करावी

आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात कॉमिक्सचा विषय काढला की दोन पिढ्या समोर येतात. एक वडिलांची. त्यांनी लहानपणी इंद्रजालमधला वेताळ वाचला आणि पुढे कॉमिक्स सुटलं ते सुटलंच. दुसरी मुलांची. त्यांनी सुपरहिरोंचे सिनेमे एकूण एक पाहिलेत, पण मूळ अंक हातात धरलेला नाही. दोघांचंही घोडं एकाच ठिकाणी अडतं. सुपरमॅन १९३८ पासून चालू आहे, बॅटमॅन १९३९ पासून, स्पायडरमॅन १९६२ पासून. एवढ्या पसाऱ्यात पहिला अंक कुठला उचलायचा?

मी ज्यांना ज्यांना वाचायला बसवलं त्यांना एकच सांगितलं, हिरो धरू नका, जोडी धरा. बाप आणि लेकाची जोडी. हिरोची गोष्ट कधी संपत नाही, कारण पुढच्या महिन्याचा अंक निघायचाच असतो. बाप-लेकाच्या गोष्टीला मात्र सुरुवात असते, गाठ असते आणि बहुतेक वेळा शेवटही असतो. शिवाय लेखक मंडळी मारामारीच्या पानांवर जे लपवून नेऊ शकतात ते इथे लपवता येत नाही. इमारत उचलणाऱ्या माणसाला पोराशी दोन शब्द नीट बोलता येत नाहीत, हे दाखवायला खरं लेखन लागतं.

खालचा क्रम याच हिशोबानं लावलाय. पायऱ्या शक्यतो उलटसुलट करू नका.

१. आधी काय जमवायचं

- टॅब असेल तर उत्तम. मोबाइलवर वाचता येतं, पण पूर्ण पान एकदम दिसत नाही आणि चित्रकारानं पानाची मांडणी कशी केलीय ते कळत नाही. मोबाइलच असेल तर आडवा धरा.
- मार्व्हलच्या जुन्या अंकांसाठी मार्व्हल अनलिमिटेड हे वर्गणीचं ॲप. ई-मेल आणि परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड लागेल. बँकेच्या ॲपमध्ये हा व्यवहार बऱ्याचदा बंद असतो, तो आधी चालू करून घ्या.
- डीसी आणि इमेज या दुसऱ्या प्रकाशकांच्या गोष्टी किंडलवर किंवा छापील संग्रहात मिळतात. पाच-सहा अंक एकत्र बांधलेल्या पुस्तकाला ट्रेड पेपरबॅक म्हणतात. मागवताना हाच शब्द वापरा.
- घरपोच मागवायचं असेल तर पत्त्यात पिनकोड आणि तालुका स्पष्ट लिहा. शहराचं नाव कुणी बेळगाव लिहितं, कुणी बेळगावी. पिनकोड चुकला की मात्र पार्सल भलतीकडेच फिरत बसतं.
- एक वही. प्रत्येक जोडीला एक पान. कुठल्या मालिकेचा कितवा अंक वाचला एवढंच टिपायचं.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मराठी माध्यमातल्या आठवी-नववीच्या मुलांनाही हे वाचता येतं, मात्र एक पद्धत पाळायची. आधी पूर्ण पान नुसतं चित्रांतून वाचायचं, फुग्यांकडे बघायचं नाही. मग दुसऱ्या फेरीत संवाद. निम्मी गोष्ट पहिल्याच फेरीत कळते आणि उरलेल्या शब्दांची भीती जाते.

२. वेताळापासून सुरू करा

ली फॉकचा फँटम १९३६ मध्ये वर्तमानपत्रात सुरू झाला. तोच आपल्याकडे वेताळ झाला. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघत होती आणि मराठीतही येत होती, त्यामुळे पन्नाशी-साठीच्या वडिलांना हे नाव सांगावं लागत नाही. जुने अंक रद्दीवाल्याकडे किंवा कुणाच्या तरी माळ्यावर सापडतात. कडोली, उचगाव, येळ्ळूरकडच्या साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथंही चौकशी करा.

वेताळ वाचताना फक्त एका गोष्टीकडे लक्ष द्या. चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला पहिला वेताळ बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतो. त्यानंतर बाप गेला की मुलगा तोच पोशाख घालतो, आणि जगाला वाटतं हा एकच अमर माणूस आहे. आपल्याला भेटतो तो एकविसावा. एवढ्या पिढ्यांत मुलाला कुणी विचारतच नाही की बाबा रे, तुला हे करायचंय का? मुलगाही विचारत नाही. इथे तंटा नाही, अबोला नाही, म्हणून ही सुरुवातीला वाचायची. पुढच्या सगळ्या जोड्या त्या न विचारलेल्या प्रश्नावर उभ्या आहेत.

३. पहिली जोडी : जॅक आणि मॅट मर्डॉक

डेअरडेव्हिलचा पहिला अंक १९६४ चा, स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांचा. जॅक हा उतरणीला लागलेला बॉक्सर. बायको नाही, एकटा पोर वाढवतोय. त्यानं मुलाकडून वचन घेतलंय की तू हात चालवायचा नाहीस, शिकायचं. ज्यांच्या घरात तालमीची परंपरा आहे त्यांना हा बाप लगेच ओळखू येईल. आयुष्य आखाड्यात घालवलेला, मोडलेल्या कानाचा पैलवान पोराला मात्र लाल मातीपासून लांब ठेवतो आणि पुस्तकं आणून देतो, तसाच हा.

मग जॅकला एक लढत हरायला सांगितलं जातं. मुलगा लढतीला आलाय म्हणून तो जिंकतो, आणि त्यासाठी त्याचा खून होतो. वचन देणारा मुलगा पुढे वकीलही होतो आणि रात्री मुखवटा घालून हातही चालवतो. म्हणजे तो वचन पाळतो आणि मोडतो, दोन्ही एकदम. या एका पेचावर डेअरडेव्हिलची सगळी इमारत उभी आहे.

हा अंक वाचून झाला की १९९३ ची मॅन विदाउट फिअर ही पाच अंकांची मालिका घ्या. लेखक फ्रँक मिलर. याच्याकडे बाप इतका सोज्वळ नाही. तो पोरावर हात टाकतो, आणि त्या एका माराचा वळ मॅटच्या पुढच्या सगळ्या कायद्याच्या वेडाखाली दिसत राहतो. एकच बाप दोन लेखकांच्या हातात किती बदलतो ते या दोन वाचनांत कळतं.

जाता जाता, मॅन विदाउट फिअरचा चित्रकार धाकटा जॉन रोमिता. त्याचे वडील थोरले जॉन रोमिता, स्पायडरमॅनचे नामांकित चित्रकार. पुढच्या पायरीवर आपण त्यांच्याच पानांपासून सुरुवात करणार आहोत.

४. मुख्य वाचन : नॉर्मन आणि हॅरी ऑस्बॉर्न

एवढी एकच जोडी वाचलीत तरी चालेल असं माझं ठाम मत आहे. पंचवीसहून अधिक वर्षांत वेगवेगळ्या लेखकांनी लिहूनही ती एकसंध राहिली आहे. क्रम असा :

- अमेझिंग स्पायडरमॅन ३९-४० (१९६६)
- अमेझिंग ९६ ते ९८ (१९७१)
- अमेझिंग १२१-१२२ (१९७३)
- अमेझिंग १३६-१३७ (१९७४)
- स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन १७८ ते १८४ (१९९१-९२)
- स्पेक्टॅक्युलर १८९ (१९९२)
- स्पेक्टॅक्युलर २०० (१९९३)

३९ व्या अंकापासून थोरल्या रोमितांनी ही मालिका काढायला घेतली. त्याच अंकात खलनायक ग्रीन गॉब्लिन म्हणजे नॉर्मन ऑस्बॉर्न, हॅरीचा बाप, हे उघड होतं. हॅरी तिथं पीटरला, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडरमॅनला, सांगतो की वडील पूर्वी असे नव्हते, हल्ली बदललेत. सहज बोलल्यासारखं एक वाक्य आहे, पण पुढचं सगळं त्यात आहे. मुलाला बाप आठवतो तो चांगला, आणि उरलेलं आयुष्य तो त्या आठवणीतल्या माणसाची वाट बघण्यात घालवतो.

९६ ते ९८ हे अंक मला वाटतं प्रत्येक घरात वाचले जावेत. अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यानं स्टॅन लीला अमली पदार्थांविरुद्ध गोष्ट लिहायला सुचवलं होतं. कॉमिक्सच्या नियमावलीत तेव्हा या विषयाचं नावही घेता येत नव्हतं. म्हणून हे तीन अंक नियामक मंडळाच्या शिक्क्याशिवाय छापले गेले, आणि त्याच वर्षी ती नियमावली सैल करावी लागली. गोष्टीत गोळ्या घेतो तो हॅरी. बाप धंद्यात बुडालेला आणि त्यात पुन्हा गॉब्लिन झालेला.

९८ व्या अंकाच्या शेवटाकडे थांबून थांबून वाचा. स्पायडरमॅन गॉब्लिनला ठोसे मारून हरवत नाही. तो त्याला हॉस्पिटलच्या खिडकीपाशी आणतो. आत हॅरी बेशुद्ध पडलेला आहे. मुखवट्याआडचा बाप मुलाला त्या अवस्थेत बघतो आणि कोसळतो. कुठल्याही शस्त्रानं जे झालं नाही ते एका खिडकीनं होतं. आणि तरीही पुढच्या अंकांत काही सुधारत नाही, हे जास्त खरं आहे. आपल्याकडे गुटख्यापासून दारूपर्यंत सगळ्यात पोरगं अडकलं की घरात हेच होतं. दवाखान्यात बाप हलतो, घरी आल्यावर पुन्हा गप्प होतो.

१२२ व्या अंकात नॉर्मन मरतो. त्याच्या अंगावरचा पोशाख हॅरीनं काढून लपवला हे आपल्याला नंतर कळतं, आणि १३६ व्या अंकात हॅरी स्वतः गॉब्लिन होऊन येतो. वेताळाच्या घरातली तीच गोष्ट, बापाचा पोशाख पोराच्या अंगावर. फरक एवढाच की इथे ते बघवत नाही.

१७८ ते १८४ चे लेखक जे. एम. डीमॅटिस, चित्रं सॅल ब्युसेमाची. इथे बापाचं भूत हॅरीच्या डोक्यात बोलतं. १८९ मध्ये हॅरी स्वतः बाप झालेला आहे आणि त्याचा लहानगा नॉर्मी त्याच्याकडे बघतोय. हॅरीला मनापासून चांगला बाप व्हायचंय, आणि चांगला बाप म्हणजे काय हे त्याला एकाच माणसाकडून माहीत आहे. २०० व्या अंकाची शेवटची पानं बिनशब्दांची आहेत. काय होतं ते सांगत नाही. घाईनं पान उलटू नका, एवढंच.

आणि २०० वर थांबा. नॉर्मन १९९६ मध्ये जिवंत परतला, हॅरी २००८ मध्ये. त्या गोष्टी नंतर कधीतरी वाचा. पहिल्या वाचनात त्या मिसळल्या की या शेवटाची धार जाते.

५. दुसरी मोठी जोडी : ब्रूस आणि डेमियन वेन

बॅटमॅनला, म्हणजे ब्रूस वेनला, रॉबिन नावाचे साथीदार बरेच झाले, पण डेमियन हा त्याचा रक्ताचा मुलगा. बॅटमॅन मालिकेच्या ६५५ ते ६५८ या अंकांत (२००६) तो पहिल्यांदा बापासमोर येतो. लेखक ग्रँट मॉरिसन, चित्रं अँडी क्युबर्टची. आईनं, तालियानं, त्याला मारेकऱ्यांच्या टोळीत वाढवलंय. दहा वर्षांचं पोर, तलवार उत्तम चालवतं, माणूस मारणं त्याला चुकीचं वाटत नाही, आणि बापाची ओळखही नाही.

इथून थेट २०११ ला सुरू झालेल्या बॅटमॅन अँड रॉबिनचे १ ते ८ अंक घ्या. पीटर टोमासी आणि पॅट्रिक ग्लिसन यांचे हे अंक बॉर्न टू किल नावानं एकत्र मिळतात. ब्रूसचे आईवडील लहानपणीच गेले, त्यामुळे बाप कसा असतो हे त्यानं फारसं बघितलंच नाही. मुलाला नियम सांगता येतात, शाबासकी देता येत नाही. मुलगा शाबासकीसाठी जीव टाकतो आणि ती मागायला त्याचा मान आडवा येतो. खलनायकही मुद्दाम निवडलाय. तोसुद्धा कुणाचा तरी मुलगाच आहे आणि त्याचं दुखणंही तेच आहे.

आमच्या भागात फौजेतली घरं पुष्कळ. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, तालुक्यातल्या कित्येक गावांतून पिढ्यान्‌पिढ्या भरती होते. या घरांत बाप सुट्टीवर येतो तेव्हा मुलगा मागच्या वेळेपेक्षा बोटभर उंच झालेला असतो आणि दोघांनाही कुठून सुरुवात करावी कळत नाही. बॉर्न टू किलमधली पहिली पानं अशा घरातल्या मुलाला वाचायला द्या, त्याला समजावून सांगावं लागणार नाही.

यानंतर याच मालिकेचा १८ वा अंक (२०१३). त्याआधी बॅटमॅन इनकॉर्पोरेटेडच्या ८ व्या अंकात डेमियन मारला जातो. या १८ व्या अंकात संवाद नाहीत. रिकामी खोली, मुलाचा कुत्रा, एकट्यानं घातलेली रात्रीची गस्त. शब्द येतात ते फक्त मुलानं बापासाठी लिहून ठेवलेल्या चिठ्ठीत. इंग्रजी न येणाऱ्या वडिलांना देण्यासारखं याहून चांगलं कॉमिक्स मला माहीत नाही. एका निवृत्त सुभेदारांना मी तो अंक दिला होता. शेवटपर्यंत गेले, मग परत दोन पानं मागं आले आणि कुत्र्याच्या चित्रावर बोट ठेवून बसले. नंतर पोराला म्हणाले, हे तू वाचलायस होय? त्या दिवशी त्या दोघांचं बोलणं तेवढ्यावर थांबलं नाही.

डेमियनही पुढे परततो. तेही नंतरसाठी ठेवा.

६. जपून द्यायच्या दोन गोष्टी

इन्व्हिन्सिबल : रॉबर्ट किर्कमनची, २००३ ते २०१८, एकूण १४४ अंक. मार्कचा बाप जगातला सर्वांत ताकदवान हिरो, आणि एक दिवस कळतं की तो आला होता वेगळ्याच कामासाठी. पहिले १३ अंक वाचले की पहिली गाठ पूर्ण होते. रक्तपात फार आहे. चित्रं उजळ दिसतात म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नका, सतरा-अठराच्या पुढेच.

हल्क : ब्रूस बॅनरचा बाप ब्रायन घरात मारहाण करणारा होता, हे १९८५ च्या ३१२ व्या अंकात आलं. हल्कचा राग कुठून येतो याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर तिथं आहे. ज्याच्या घरात असं घडलंय किंवा घडतंय त्याला हा अंक न सांगता देऊ नका. आधी विषय सांगा, वाचायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

७. कुठे फसायला होतं

अंकांची संख्या : कंपन्या मालिका पुन्हा १ पासून सुरू करतात. बॅटमॅन अँड रॉबिन १ म्हटलं तर तो २००९ चाही असू शकतो, २०११ चाही. म्हणून अंकाबरोबर साल टिपायचं.

महामालिका : मधेच चार-पाच मालिकांत पसरलेली एखादी मोठी गोष्ट सुरू होते आणि पुढचा भाग भलत्याच अंकात असतो. पाठलाग करू नका. आपली जोडी ज्या अंकात आहे तेवढेच वाचा.

बदललेली नाती : एक्स-मेनमधला क्विकसिल्व्हर १९६४ मध्ये खलनायक मॅग्नेटोच्या टोळीत आला, पुढे मॅग्नेटोच त्याचा बाप ठरला, आणि २०१४ मध्ये ते नातंही खोटं ठरवण्यात आलं. खरं कुठलं यावर वाद घालत बसू नका. ज्या काळातला अंक वाचताय त्या काळातलं नातं खरं मानायचं.

फुकटच्या फाइली : ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये पानं गळालेली असतात, क्रम चुकलेला असतो. बिनशब्दांच्या अंकात एक पान गेलं तर कळतही नाही. शिवाय लेखक-चित्रकाराच्या हातात काही पडत नाही.

दहा मिनिटांत सगळी गोष्ट सांगणारे व्हिडिओ : वाचून झाल्यावर बघा. आधी बघितले तर हॉस्पिटलची ती खिडकी एका वाक्यात निघून जाते.

८. घरात बरोबर वाचायचं असेल तर

बापानं पोराला किंवा पोरानं बापाला अंक दिला की लगेच कसं वाटलं म्हणून विचारू नका. अंक टेबलावर ठेवा, दोन दिवस जाऊ द्या. बोलायचं झालं तर पात्राबद्दल बोला. नॉर्मननं तेव्हा काय करायला हवं होतं, हे विचारता येतं. तुम्ही काय करायला हवं होतं, हे आपल्या घरांत विचारता येत नाही, आणि विचारलं तर आवाज चढतो. उद्यमबागेत फाउंड्री चालवणारे एक काका आणि बेंगळुरूला नोकरी धरू बघणारा त्यांचा मुलगा मर्डॉकवर तासभर वाद घालताना मी ऐकलेत. दोघंही जॅकबद्दलच बोलत होते. धंदा पुढे कोण बघणार हा शब्द एकदाही निघाला नाही, पण बोलणं त्याचंच चाललं होतं.

चार-पाच घरं मिळून वाचणार असाल तर गावच्या वाचनालयात किंवा मंडळाच्या खोलीत महिन्यातून एकदा बसा. एका बैठकीला एकच जोडी. कुणी कन्नड माध्यमातली मुलं येणार असतील तर त्यांनाही बोलवा, चित्रं आधी वाचायची पद्धत त्यांनाही तितकीच चालते.

९. शेवटी ठेवायची जोडी : टेड आणि जॅक नाइट

डीसीची स्टारमॅन, लेखक जेम्स रॉबिन्सन, चित्रं सुरुवातीला टोनी हॅरिसची. १९९४ मध्ये ० क्रमांकाच्या अंकानं सुरू झाली आणि २००१ मध्ये ८० व्या अंकावर संपली. खरोखर संपली, म्हणून नव्या वाचकाला सोयीची.

टेड हा जुन्या काळचा स्टारमॅन. थोरला मुलगा डेव्हिड बापाचा पोशाख आनंदानं घालतो आणि ० क्रमांकाच्या अंकातच मारला जातो. उरतो जॅक, जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारा, ज्याला हे सगळं पोरकट वाटत आलंय आणि बापाला तसं तोंडावर सांगितलेलं आहे. आता जबाबदारी त्याच्यावर येते. तो ती घेतो, पण अट घालून. मी शहर सांभाळतो, तुम्ही ज्या ऊर्जेच्या शोधातून शस्त्र बनवलंत ती लोकांच्या उपयोगाला येईल असं काम करा. आणि बाप ते मान्य करतो. पोशाखही जॅक घालत नाही, जाकीट आणि गॉगलवर भागवतो.

० ते ३ अंक आधी वाचा, तेवढ्यात ही बोलणी पूर्ण होतात. आवडलं तर डेव्हिड दरवर्षी एकदा जॅकला भेटायला येतो ते अंक शोधा, आणि मग सलग. संग्रह विकत घेताना मात्र ० क्रमांकाचा अंक आत आहे ना ते अनुक्रमणिकेत बघून घ्या, कारण गोष्ट १ पासून नाही, तिथून सुरू होते.